साक्षी, शपथ आणि रूपक : ड्रायडनच्या एका उपहासकाव्याचा पुनर्विचार

‘साक्षी’ या शब्दाचा अर्थ परंपरेने ‘साक्षात पाहणारा’ असा सांगितला आहे. साक्षीचे प्रामाण्य पाहण्यावर उभे असते आणि शपथ ही त्या पाहण्याला धर्माने दिलेली हमी असते. परंतु ज्या काळात धर्म हाच संशयाचा विषय बनतो, त्या काळात साक्षीदाराने काय पाहिले यापेक्षा तो कोणत्या पंथाचा आहे, यावर शपथेचे मोल ठरू लागते. इंग्लंडमधील १६७८ ते १६८१ या वर्षांतील ‘पोपिश प्लॉट’ या नावाने ओळखले जाणारे प्रकरण हे याचे ठळक उदाहरण होय. त्याच वातावरणातून जॉन ड्रायडनचे ‘अ‍ॅब्सलम अँड अकिटोफेल’ (१६८१) हे काव्य निर्माण झाले. त्यात खोट्या साक्षीदाराचे मर्मभेदी व्यक्तिचित्र असल्यामुळे हे काव्य असत्याविरुद्ध उभे आहे, असे सहज गृहीत धरले जाते. हे गृहीतक तपासून पाहणे आवश्यक आहे.

प्रकरणाची रूपरेषा थोडक्यात अशी. राजा दुसरा चार्ल्स याची हत्या करून त्याचा कॅथलिक भाऊ जेम्स याला गादीवर बसविण्याचा जेझुइटांचा कट आहे, असे टायटस ओट्स याने सप्टेंबर १६७८ मध्ये एडमंड बेरी गॉडफ्री या दंडाधिकाऱ्यापुढे शपथेवर सांगितले. ऑक्टोबरमध्ये गॉडफ्रीचे प्रेत सापडले. त्या मृत्यूचे गूढ आजतागायत उकललेले नाही. याच सुमारास एडवर्ड कोलमन या कॅथलिक अधिकाऱ्याचा फ्रेंच दरबाराशी झालेला पत्रव्यवहार हाती आला. ती पत्रे खरी होती. त्यांत कॅथलिक पंथाच्या उत्कर्षाची स्वप्ने होती, राजहत्येचा बेत नव्हता. तथापि एक खरे प्रेत आणि काही खरी पत्रे यांच्या आधाराने एक खोटी कथा उभी राहिली. कोलमन, लॉर्ड स्टॅफर्ड, आयर्लंडमधील आर्चबिशप ऑलिव्हर प्लंकेट आणि अनेक धर्मगुरू यांना देहान्त शासन झाले. राजद्रोहाच्या आरोपीला वकील देण्याची मुभा इंग्लंडच्या कायद्याने १६९६ पर्यंत दिलेली नव्हती, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे.

या खटल्यांतील एक प्रसंग साक्षीच्या प्रश्नावर विशेष प्रकाश टाकतो. २४ एप्रिल १६७८ रोजी लंडनमध्ये झालेल्या जेझुइटांच्या गुप्त बैठकीस आपण उपस्थित होतो, असे ओट्सचे म्हणणे होते. त्या दिवशी ओट्स फ्रान्समधील सेंट ओमरच्या विद्यालयातच होता, असे सांगण्यासाठी तेथील विद्यार्थी जून १६७९ मधील खटल्यात लंडनला आले. ते साक्षात पाहणारे होते. पण ते कॅथलिक होते, आणि पंथाच्या हितासाठी खोटी शपथ घेण्याची मुभा कॅथलिकांना असते, अशी त्या काळाची धारणा होती. त्यांच्यावर विश्वास ठेवला गेला नाही. पाच जेझुइट फासावर गेले. पुढे १६८५ मध्ये जेम्स गादीवर आल्यावर ओट्सवरच खोट्या शपथेचा खटला चालला. त्यात २४ एप्रिलचा तोच मुद्दा होता, सेंट ओमरच्या तशाच साक्षी होत्या; या वेळी त्या ग्राह्य ठरल्या. ओट्सला फटके, खोडा आणि जन्मठेप अशी शिक्षा झाली. १६८८ च्या क्रांतीनंतर प्रोटेस्टंट सत्ता आली, तेव्हा त्याची सुटका झाली आणि त्याला निवृत्तिवेतनही मिळाले.

साक्षीचा मजकूर बदलला नाही. बदलला तो ऐकणारा. म्हणजेच खोटी साक्ष ही केवळ बोलणाऱ्याची कृती नाही. ती सफल होते ती श्रोत्यांच्या मनात आधीच तयार असलेल्या कथेमुळे. मेरी राणीच्या काळात जाळले गेलेले प्रोटेस्टंट, १६०५ चा संसद उडवून देण्याचा कट, १६६६ ची लंडनची आग यांच्या स्मृतींनी एक कथा रचून ठेवलेली होती. ओट्सने त्या कथेतील रिकाम्या जागी माणसांची नावे भरली.

या पार्श्वभूमीवर ड्रायडनचे काव्य वाचले की त्याची गुंतागुंत ध्यानात येते. चार्ल्स म्हणजे दावीद, त्याचा अनौरस पुत्र मॉनमथ म्हणजे अबशालोम, विरोधी पक्षाचा नेता शाफ्ट्सबरी म्हणजे अहीथोफेल, कॅथलिक म्हणजे यबूसी आणि ओट्स म्हणजे कोरह, अशी बायबलमधील पात्रांची योजना त्यात आहे. कटात सत्य आणि असत्य यांची भेसळ होती, ही कवीची भूमिका संयत आहे. कोरहाचे चित्र मात्र खोल गेलेले डोळे, कर्कश आवाज, लांब हनुवटी आणि अमानुष वाटावी अशी स्मरणशक्ती यांनी रंगविलेले आहे. असत्याचे मूळ अशा रीतीने एका देहात आणि एका स्वभावात शोधले जाते. त्यावर विश्वास ठेवणारी न्यायालये, संसद आणि नगरजन यांच्या वाट्याला सैल, सामुदायिक दोष तेवढा येतो.

याहून महत्त्वाचा प्रश्न रूपकाच्या कार्याचा आहे. पवित्र ग्रंथातील कोरहाला पृथ्वी गिळते, अहीथोफेल गळफास घेतो. त्यामुळे नाव ठेवले की निकालही लागतो. राजद्रोहाच्या आरोपाखाली अटकेत असलेल्या शाफ्ट्सबरीचे प्रकरण २४ नोव्हेंबर १६८१ रोजी ज्यूरीपुढे आले. हे काव्य त्याच्या सुमारे आठवडाभर आधी प्रसिद्ध झाले. लोकांच्या मनात रुजलेल्या कथेत जिवंत माणसाला बसविणे, ही जी ओट्सची रीत, तीच येथे काव्याची रीत झाली आहे.

यावर असा आक्षेप संभवतो की कवी शपथेवर बोलत नाही, आणि रूपक हे रूपक आहे हे वाचक जाणतो. आक्षेप निराधार नाही. ड्रायडन पाहिल्याचा दावा करीत नाही. अबशालोमचा बायबलमधील शेवटही तो टाळतो आणि समेटाला वाव असल्याचे प्रस्तावनेत सुचवितो. परंतु काव्याचे मौन या सफाईला छेद देते. ऑगस्ट १६८१ मध्ये स्टीफन कॉलेज या प्रोटेस्टंट सुताराला राजद्रोहाबद्दल फाशी झाली. त्याच्याविरुद्ध राजपक्षाने उभे केलेले डगडेल आणि टर्बरव्हिल हे साक्षीदार स्टॅफर्डविरुद्ध बोललेलेच होते, आणि बचावाच्या बाजूने साक्ष दिली ती ओट्सने. तीन महिन्यांनी आलेल्या काव्यात कोरह आहे. पक्ष बदललेल्या साक्षीदारांना मात्र नाव नाही. काव्याला खोट्या साक्षीची चीड आहे, पण ती निवडक आहे.

यामुळे काव्याचे वाङ्मयीन मोल उणावत नाही. त्याच्या वाचनाची दिशा तेवढी बदलते. साहित्य असत्याचा पर्दाफाश करते असे म्हणताना, ते कोणत्या कथेच्या बळावर विश्वसनीय वाटते, हा प्रश्न समीक्षेने संहितेलाही विचारला पाहिजे. शाफ्ट्सबरीच्या प्रकरणात ज्यूरीने आरोपपत्रावर ‘आम्हांस ठाऊक नाही’ या अर्थाचा लॅटिन शेरा मारला आणि तो सुटला. सर्व काही ठाऊक असलेल्या साक्षीदारांच्या त्या काळात हे उत्तर विवेकाचे वाटते. पण त्या ज्यूरीची निवड शाफ्ट्सबरीच्याच पक्षाच्या शेरिफांनी केली होती. संशयाच्या काळात अज्ञानाची कबुलीदेखील पक्षाची साक्ष होऊन बसते.