कीचकवध आणि आत्मसंरक्षण

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले आणि कीचकात लॉर्ड कर्झन दिसू लागताच १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. हे नाटक असो वा देवळातील विराटपर्वाचे आख्यान असो, कीचक पडला की श्रोता ‘न्याय झाला’ म्हणून समाधान पावतो. वकिलाला मात्र एक अरसिक प्रश्न पडतो : भीमाचे कृत्य आत्मसंरक्षण ठरेल काय?

१८६० च्या दंडविधानाने हा हक्क मानला, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने कलम ३४ ते ४४ मध्ये तो कायम राखला. दुसऱ्याच्या देहरक्षणासाठीही तो चालतो. बलात्काराच्या हेतूने होणारा हल्ला परतविताना हल्लेखोराचा प्राण गेला तरी तो गुन्हा नव्हे. परंतु धोका असेतोवरच हा हक्क जिवंत असतो. आणि शासनाचे संरक्षण मागण्यास अवकाश असेल तर तो मिळतच नाही.

भरसभेत कीचकाने सैरंध्रीला लाथ मारली तेव्हा मध्ये पडण्याचा हक्क भीमाला होता. नेमके त्याच वेळी युधिष्ठिराने त्याला आवरले. नर्तनशाळेत कीचकाला संकेत देऊन बोलाविले होते. अंधारात त्याची वाट पाहणारा भीम शिक्षा देण्यास बसला होता. पुढे उपकीचक द्रौपदीला प्रेताबरोबर जाळावयास घेऊन गेले, तेव्हा भीमाने वृक्ष उपटला, हे निखळ संरक्षण. मात्र तिला सोडून पळत सुटलेल्या १०५ जणांच्या वधाला त्या हक्काचा आधार नाही.

म्हणजे भीमच तेवढा दोषी काय? शासनाकडे जा असे कायदा सांगतो, तो तेथे दाद मिळेल हे गृहीत धरून. द्रौपदी दाद मागावयासच राजसभेत धावली होती. वादाचे मूळ आपणांस ठाऊक नाही एवढे सांगून विराट मोकळा झाला. कारण कीचक त्याचा सेनापती आणि राणीचा भाऊ होता. दिवसा सभेने नाकारलेला न्याय रात्री नर्तनशाळेत शिरला, आणि तेथे त्याला मर्यादा उरली नाही.

भीमाचे वकीलपत्र घेणे अवघड आहे. पण विराटाला साक्षीदारांच्या रांगेत बसवून आख्यान संपविणे, हा द्रौपदीवर दुसऱ्यांदा केलेला अन्याय होय.