तहान आणि निर्जलीकरण : एका ग्रंथातील संज्ञाविचार

दक्षिण आफ्रिकेतील क्रीडावैद्यकाचे अभ्यासक टिमथी नोक्स ह्यांचा 'वॉटरलॉग्ड' हा ग्रंथ २०१२ साली प्रसिद्ध झाला. दीर्घ पल्ल्याच्या धावपटूस पाण्याच्या उणिवेपेक्षा त्याच्या अतिरेकाचे भय अधिक, हे त्याचे प्रतिपाद्य. ग्रंथ वैद्यकाचा खरा. परंतु त्यातील वादाचा गाभा संज्ञांच्या वापरात आहे आणि तिकडे भाषाभ्यासकांचे लक्ष जाणे अगत्याचे आहे.

१९६९ साली विंडम व स्ट्रायडम ह्यांनी एक निबंध लिहिला. मॅरेथॉनमध्ये अपुऱ्या जलपानाने ओढवणारा धोका, असा त्याच्या शीर्षकाचा आशय. निरीक्षणे मात्र ३२ किलोमीटरच्या शर्यतींतील होती. मॅरेथॉनचा पल्ला ४२ किलोमीटरांहून अधिक असतो. शीर्षक निबंधाच्या पुढे धावले, हे नोक्स ह्यांनी मार्मिकपणे दाखविले आहे. पुढे १९९६ साली अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने घामावाटे जाईल तितके, अथवा सोसवेल तितके अधिकाधिक पेय घेण्याचा सल्ला दिला. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले गेले, तेव्हा १३ टक्क्यांत सोडियम प्रमाणाबाहेर घटलेले आढळले. त्याच शर्यतीत ह्याच कारणाने एक धावपटू दगावली. पेय साधे पाणी होते की क्षारयुक्त, ह्याने फरक पडला नाही. धावून वजन वाढले की काय, हेच निर्णायक ठरले. क्रीडापेयातील सोडियम रक्तातील सोडियमच्या अंशमात्रच असते, हे लक्षात घेता त्यात नवल नाही.

मराठीत रूढ झालेली 'निर्जलीकरण' ही संज्ञा येथे तपासण्याजोगी आहे. 'निर्धन', 'निर्जन' ह्यांप्रमाणे 'निर्' हा उपसर्ग सर्वस्वी अभाव सुचवितो. आणि शरीराचे वजन दोन टक्के घटले तरी हाच शब्द योजला जातो. भय शब्दातच भरलेले आहे, उपायही त्यातच सुचविलेला. 'तहान' ह्या शब्दाची रचना निराळी. खेळाडू पाणी पितो. परंतु खेळाडूला तहान लागते. माणूस चतुर्थीत, कर्तृपद तहानेचे, क्रियापदही तिच्याच लिंगवचनाने चालणारे. ती आपण होऊन येते, घड्याळाच्या आज्ञेने नव्हे, एवढे ज्ञान व्याकरणाने आधीच जपून ठेवले आहे!

तथापि नोक्स ह्यांच्या विवेचनात दोन उणिवा राहतात. घशाची कोरड, सवयीने होणारी इच्छा आणि शरीराची खरी गरज ह्या तिन्ही छटा ते 'तहान' ह्या एकाच शब्दावर लादतात. वार्धक्यात तहानेची जाणीव मंदावते, ह्याचाही पुरेसा विचार होत नाही. दुसरे असे की, १९६५ साली फ्लॉरिडा विद्यापीठात रॉबर्ट केड ह्यांनी सिद्ध केलेल्या गेटोरेडपासून वाढलेल्या व्यापारावर ते बहुतेक सारा दोष टाकतात. व्यापाराने त्या भयाचा लाभ उठविला, हे मान्य. पण १९६९ च्या शीर्षकाचे जे विश्लेषण ते स्वतः करतात, ते वेगळेच सांगते : भय विद्वानांच्या वाक्यांत जन्मले होते. हा धागा हाती येऊनही ग्रंथकाराने तो शेवटपर्यंत नेलेला नाही.