भाषेचा रकाना आणि देशाचा रकाना : उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर परिसराच्या संदर्भात आंतरजालीय खात्यांतील निवडीची समीक्षा

प्रस्तावना

आंतरजालावर खाते उघडणाऱ्या प्रत्येकाला 'भाषा' आणि 'देश' हे दोन रकाने भेटतात. हे रकाने तांत्रिक सोयीचा भाग मानले जातात, त्यामुळे भाषा-साहित्याच्या अभ्यासकांचे त्यांच्याकडे फारसे लक्ष जात नाही. वास्तविक भाषा, लिपी, प्रदेश आणि नागरिकत्व यांच्या परस्परसंबंधाविषयीची एक निश्चित धारणा या रकान्यांमागे उभी असते. प्रस्तुत लेखात हे रकाने एक संहिता म्हणून वाचण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हा सलग नागरी पट्टा संदर्भ म्हणून घेतला आहे.

परिसराची भाषिक घडण

हा पट्टा भाषिकदृष्ट्या एकरंगी नाही. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा, शिलालेख शिलाहारकालीन संस्कृतात आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. पुढे अंबरनाथ आणि बदलापूर येथील कारखानदारीमुळे व मुंबईतून बाहेर सरकलेल्या वस्तीमुळे मराठीबरोबर अनेक भाषा येथे नांदू लागल्या. घरात एक भाषा, बाजारात दुसरी आणि कचेरीत तिसरी, हा येथील नित्याचा व्यवहार आहे. एका खात्याला एकच भाषा मागणारा रकाना या व्यवहाराशी प्रथमदर्शनीच विसंगत ठरतो.

दोन रकान्यांतील विषमता

भाषा आणि देश हे रकाने शेजारी असले तरी त्यांचे स्वरूप सारखे नाही. भाषा क्षणात बदलता येते व पुन्हा पूर्ववत करता येते. देशाचे तसे नाही. गुगल प्लेवर देश वर्षातून एकदाच बदलता येतो, आणि त्यासाठी त्या देशात असणे व तेथील देयकसाधन असणे आवश्यक असते. ॲपलच्या खात्यात आधी शिल्लक रक्कम खर्च करावी लागते आणि चालू वर्गण्या रद्द कराव्या लागतात. याचे कारण उघड आहे : देशाच्या रकान्याशी कर, चलन, प्रकाशनहक्क आणि कायदा निगडित असतात. भाषेच्या रकान्याशी मात्र कोणाचेही उत्तरदायित्व निगडित नसते. देश हा सातबाऱ्यासारखा, तर भाषा अंगावरच्या वस्त्रासारखी, अशी ही मांडणी आहे. परदेशी नोकरीसाठी गेलेल्या बदलापूरच्या तरुणाला भाषा तत्काळ सोबत नेता येते. विकत घेतलेले साहित्य नव्या देशात तसेच मिळेल याची मात्र खात्री नसते.

सिंधीचा पेच

भाषा आणि देश हे स्वतंत्र रकाने आहेत, हा दावा सिंधीच्या बाबतीत कोलमडतो. संगणकप्रणालींना भाषाविषयक माहिती पुरवणाऱ्या युनिकोड कन्सोर्टियमच्या सीएलडीआर या भांडारात प्रत्येक भाषेसाठी संभाव्य लिपी आणि संभाव्य देश गृहीत धरलेला असतो. मराठीसाठी हे गृहीतक देवनागरी व भारत असे आहे. सिंधीसाठी ते अरबी लिपी व पाकिस्तान असे आहे. भाषकसंख्येच्या दृष्टीने हे गृहीतक चुकीचे म्हणता येणार नाही. तथापि १९६७ साली २१ व्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत समाविष्ट झालेली आणि २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २७.७ लाख भारतीयांची मातृभाषा असलेली सिंधी भारतात अरबी व देवनागरी अशा दोन्ही लिपींत लिहिली जाते. या भाषेला स्वतःचे भाषिक राज्य नाही; चलनी नोटेवरील पंधरा भाषांच्या चौकटीतही ती नाही. छावणीत वसलेल्या पिढीचे शिक्षण अरबी लिपीत झाले, तर नातवंडांची पिढी मराठी, हिंदी, इंग्रजी शाळांतून वाढली. अशा नातवाने 'सिंधी' निवडल्यास समोर येणारी अक्षरे त्याला वाचता येण्याची शक्यता कमीच. ज्या भूमीतून आजोबा विस्थापित झाले, तिचेच गृहीतक यंत्र त्याच्या भाषेला जोडते, हा इतिहासाचा विलक्षण उपरोध म्हणावा लागेल.

सिंधीचे खास अंतःस्फोटी ध्वनी दर्शविणारी ॻ, ॼ, ॾ, ॿ ही देवनागरी अक्षरे २००६ साली युनिकोडच्या ५.० आवृत्तीत एकत्रितपणे उपलब्ध झाली. सीएलडीआरमध्येही देवनागरी सिंधीची आता स्वतंत्र नोंद आहे. परंतु लिपीचा रकाना जोवर वापरकर्त्यासमोर येत नाही, तोवर ही नोंद बव्हंशी कागदावरच राहते.

मराठीची स्थिती

मराठीची बाजू तुलनेने भक्कम असली तरी निर्दोष नाही. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ही मराठी वळणे प्रमाण मानली. युनिकोडमध्ये हिंदी व मराठी 'ल' चा संकेत एकच आहे. कोणते वळण दिसावे हे मजकुराला लावलेली भाषेची खूण आणि टंक मिळून ठरवतात. अंकांचेही तसेच : सीएलडीआरमध्ये मराठीसाठी देवनागरी अंक मूलभूत आहेत, हिंदीसाठी नाहीत. म्हणजे भाषेचा रकाना केवळ शब्द बदलत नाही, तर अक्षराचे रूप आणि अंकही बदलतो. असे असूनही अनेक मराठी भाषक इंग्रजीच कायम ठेवतात. अनुवादित परिभाषा परकी वाटते, अडचण आल्यास मदत इंग्रजीतच मिळते, ही कारणे दुर्लक्षिता येत नाहीत. मात्र त्याचा परिणाम चक्राकार होतो. वापर कमी म्हणून सुधारणा कमी, आणि सुधारणा कमी म्हणून वापर कमी. 'मागणी नाही' हा निष्कर्ष मग आपोआप सिद्ध झाल्यासारखा दिसतो. सव्वाआठ कोटींहून अधिक भाषक असलेली मराठी हे चक्र सोसू शकेल. सिंधीला ते परवडणारे नाही.

निष्कर्ष

१. भाषा, लिपी आणि देश हे तीन स्वतंत्र रकाने असणे आवश्यक आहे. दोन रकान्यांच्या मांडणीत लिपी भाषेआड लपते आणि विस्थापित समाजाची भाषा परदेशी ठरते.

२. भाषेचा रकाना बदलण्यास सोपा आहे याचा अर्थ तो बिनमहत्त्वाचा आहे असा नव्हे. प्रत्येक निवड ही भाषेच्या वापराची नोंद असते.

३. सीएलडीआरची माहिती स्वयंसेवी योगदानासाठी खुली आहे. महाविद्यालयीन मराठी व सिंधी विभागांनी परिभाषेची चिकित्सा तेथपर्यंत पोहोचवल्यास जानेवारीतील मराठी भाषा संवर्धन पंधरवड्याला भाषणांपलीकडचा आशय लाभेल.

भाषेचे धोरण केवळ विधिमंडळात ठरते, ही समजूत आता अपुरी आहे. ते हातातील यंत्राच्या दोन रकान्यांतही ठरते, आणि तेथे अभ्यासकांची अनुपस्थिती ही भाषेचीच हानी आहे.