स्वरलेख आणि दुसरा संगणक

संगणकावर स्वरलेखन करणाऱ्या प्रणालींचे परीक्षण सामान्यतः त्यांनी छापलेल्या पृष्ठावरून केले जाते. स्वरांची मांडणी सुबक आहे काय, वाद्यध्वनी खरे वाटतात काय, एवढ्याच गोष्टींकडे लक्ष पुरविले जाते. परंतु ज्या यंत्रावर लेख तयार झाला त्याच यंत्रावर तो शुद्ध दिसावा, यात विशेष ते काय? तोच लेख दुसऱ्या संगणकावर उघडला असता त्यातील काय टिकते आणि काय गळते, हे पाहिल्यावाचून प्रणालीची योग्यता ठरविता येत नाही.

स्वरलेखाची फाईल वरकरणी एकसंध दिसते. वस्तुतः ती स्वयंपूर्ण नसते. मूळ प्रणाली व तिचा परवाना, संगीतचिन्हांचा फॉन्ट, पृष्ठरचनेचे साचे आणि वाद्यध्वनींचा संग्रह या साऱ्यांवर ती अवलंबून असते. फॉन्टचेच उदाहरण घ्यावे. स्टाफ नोटेशनमधील बहुतेक चिन्हे ही संगणकाच्या दृष्टीने एखाद्या फॉन्टमधील अक्षरेच होत. तो फॉन्ट दुसऱ्या यंत्रावर नसेल, तर त्याच क्रमांकाचे भलतेच अक्षर त्या जागी उमटण्याचा संभव असतो. 2013 साली स्टाइनबर्ग कंपनीने ‘स्मफल’ हा चिन्हांच्या क्रमांकांचा समान संकेत पुढे आणला. दोन्ही फॉन्ट हा संकेत पाळणारे असतील, तर फॉन्ट बदलला तरी चिन्हाचे वळण तेवढे बदलते, अर्थ बदलत नाही.

परवान्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. 1988 पासून प्रचारात असलेल्या ‘फिनाले’ या प्रणालीचा विकास थांबविल्याची घोषणा मेकम्युझिक कंपनीने 26 ऑगस्ट 2024 रोजी केली. एक वर्षानंतर ही प्रणाली कोणत्याही नव्या संगणकावर अधिकृत करता येणार नाही, असेही प्रथम जाहीर झाले. वापरकर्त्यांच्या तीव्र विरोधानंतर काही दिवसांतच ही अट मागे घेण्यात आली. तथापि तेवढ्याने प्रश्न मिटला असे म्हणता येत नाही. फाईल अक्षत आहे, तिचा कर्ताही हयात आहे, आणि तरीही दुसऱ्या यंत्रावर ती उघडण्यास तिसऱ्याची अनुमती लागते, ही परिस्थिती संशोधनसामग्रीच्या दृष्टीने चिंताजनक होय.

यावर उपाय म्हणून ‘म्युझिक एक्सएमएल’ या विनिमयरूपाकडे बोट दाखविले जाते. मायकेल गुड यांनी सिद्ध केलेल्या या रूपाची पहिली आवृत्ती 2004 साली प्रसिद्ध झाली. स्वर, कालमान व गीताक्षरे ते बहुतांशी बिनचूक वाहून नेते. पृष्ठरचना अंशतः नेते. वाद्यध्वनींची योजना मात्र बव्हंशी मागेच राहते. यावरून त्यास सदोष ठरविणे न्याय्य नव्हे. ते रचनेचा आशय जपते, पृष्ठाचे रूप नव्हे. पीडीएफची गोष्ट नेमकी उलट आहे: ती पृष्ठाचे रूप जपते, परंतु तिच्यातील स्वर संपादनासाठी उपलब्ध राहत नाहीत.

मराठी अभ्यासकास हाच प्रश्न भातखंडे पद्धतीच्या संदर्भात भेटतो. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, सप्तकासाठी वर वा खाली बिंदू, अशी या पद्धतीची मोजकी चिन्हे आहेत. युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलिखित केलेला असा लेख त्या फॉन्टच्या अभावी रोमन अक्षरांचा निरर्थक समूह बनतो. पण तेथे बिघाड निदान डोळ्यांना दिसतो. युनिकोडमधील लेखात धोका अधिक सूक्ष्म आहे. कोमलाची रेघ पुष्कळदा शब्दलेखन प्रणालीतील अधोरेखनाने दिलेली असते. मजकूर साध्या रूपात दुसरीकडे नेताच ती गळून पडते आणि खाली शुद्ध वाटणारा स्वर उरतो. भैरवीतील रिषभ, गंधार, धैवत व निषाद यांच्या रेघा अशा रीतीने गेल्या, तर कागदावर बिलावलाचे स्वर उरतात. लेख निर्दोष दिसतो आणि राग बदललेला असतो. मूळ प्रत हाताशी नसलेल्या वाचकास ही चूक ओळखण्याचे साधन राहत नाही.

म्हणून स्टाफ नोटेशनमधील प्रत्येक लेख मूळ फाईल, म्युझिक एक्सएमएल व पीडीएफ अशा तिहेरी रूपात जतन करणे इष्ट ठरते. भातखंडे पद्धतीच्या लेखासोबत पीडीएफ, वापरलेल्या फॉन्टचे नाव आणि चिन्हांचा खुलासा असावा. आणि कोमलत्व केवळ अधोरेखनावर न सोपविता स्वतंत्र अक्षरचिन्हाने दर्शवावे. पहिला संगणक चालू असतानाच दुसऱ्यावर लेख उघडून दोन्ही प्रती स्वरागणिक ताडून पाहाव्यात. प्रबंधास जोडलेल्या स्वरलेखांच्या बाबतीत ही पडताळणी पाठशुद्धीइतकीच आवश्यक मानली पाहिजे.