कॅमेऱ्याची सोबत

कॅनडातलं बॅन्फ ते मेक्सिकोच्या सीमेवरचं अँटेलोप वेल्स, रॉकी पर्वतातून सुमारे ४,४०० किलोमीटर. ‘टूर डिव्हाइड’ या सायकल शर्यतीत बक्षीस नाही. तिचा सगळा डौल नियमांत आहे आणि त्यांचा गाभा एकच: जे इतर कुणालाही मिळू शकतं, तेवढंच घ्यायचं. वाटेतल्या दुकानात ट्यूब विकत घ्या, मोटेलात झोपा, चालेल. शेवटून पहिल्या येणाऱ्यालाही ते दार उघडंच असतं. मित्राने आणून दिलेलं साधं सँडविच मात्र चालत नाही. नियम वस्तूची किंमत बघत नाही, ती कुणासाठी आली ते बघतो. मला हे फार देखणं वाटतं.

आपल्याला ‘रॅम’, म्हणजे ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत, जास्त परिचयाची. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ती २०१५ मध्ये पूर्ण केली. तिथे मदतीला मागे चालणारी गाडी शर्यतीचाच भाग असते, त्यामुळे चित्रीकरणाचा एखादा कॅमेरा वाढल्याने फारसं बिघडत नाही.

‘टूर डिव्हाइड’मध्ये बिघडतं. चित्रीकरण करणारे पाणी देत नाहीत की पाना देत नाहीत. पण चिखलाने चाक जाम झालंय, अंगठ्याने तो खरवडून काढताना बोटं बधिर झालीत, आणि पुढच्या खिंडीत ओळखीचं माणूस आपली वाट बघतंय हे ठाऊक आहे! ही ऊब कुठल्या दुकानात मिळते? २०१९ मध्ये या शर्यतीत सायकलपटू लेल विलकॉक्सचं चित्रीकरण करणाऱ्यांत तिची जोडीदारच होती, म्हणून वाद पेटला. लेलच्या ताकदीवर शंका घेणं अन्यायाचं. आक्षेप सोबतीपुरताच योग्य होता.

२०२३ मध्ये सायकलपटू लॅकलन मॉर्टनने हा मार्ग एकट्याने १२ दिवस १२ तास २१ मिनिटांत कापला, माइक हॉलच्या २०१६ च्या विक्रमापेक्षा जवळजवळ दीड दिवस लवकर. चित्रीकरणाचा चमू बरोबर असल्याने ही वेळ अधिकृत विक्रमात धरली गेली नाही. मला हा निवाडा मनापासून पटतो. तरी असे चित्रपट व्हायला हवेत. एरवी हा पराक्रम आपल्यापर्यंत पोचलाच नसता. आयोजकांनीच कॅमेरा पाठवावा, असंही म्हणतात. पण तोही पुढच्या दोघातिघांपाशीच घुटमळणार. चाळिसाव्या क्रमांकावर एकटीच चढ चढणाऱ्या बाईला त्याचा काय आधार?