कादंबरीतले घर: चिरेबंदी वाड्यापासून गुंठेवारीपर्यंत

मराठी कथा-कादंबरीत घर बहुतेक वेळा घराण्याच्या नावाने येते आणि घराण्याबरोबरच ढासळते. श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' (१९८७) मध्ये खोतांच्या चार पिढ्यांची भरभराट आणि उतरण वाड्याच्या साक्षीने होते. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'वावटळ'मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत वाडे पेटतात आणि त्यांबरोबर गावातले एक जुने जगणे संपते. वाड्याची पडझड म्हणजे घराण्याची पडझड, हे समीकरण पुढे इतके हाताशी आले की अनेकांनी वाड्याला भिंती देण्याआधीच भेगा दिल्या. दगड कुठल्या खाणीतला, ओसरीवर बसण्याचा मान कोणाचा आणि दिंडी दरवाजाबाहेरच कोणाला थांबावे लागे, याची विचारपूस मागे राहिली.

या बाबतीत नाटक कादंबरीच्या पुढे गेले. रंगमंचावर घर उभे करावेच लागते, हे त्याचे साधे कारण. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी' (१९८५) मध्ये धरणगावच्या देशपांड्यांपुढचा प्रश्न हिशेबाचा आहे: वारलेल्या वडिलांच्या, तात्याजींच्या, तेराव्याचा खर्च कुठून करायचा, त्यासाठी वाड्याचा काही भाग विकायचा का? अंगणात न वापरलेला ट्रॅक्टर गंजतो आहे. शेतीच्या नव्या यंत्राला त्या घरात जागा मिळाली, काम मिळाले नाही. घरातल्या चंदूच्या पायाला जखम होते तीही त्या ट्रॅक्टरनेच. इथे ऱ्हास वर्णनातून येत नाही, तो पात्रांच्या येण्याजाण्याच्या वाटेत आडवा पडलेला असतो. छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या 'जिगीषा' या संस्थेतून पुढे आलेल्या चंद्रकांत कुलकर्णी यांनी 'वाडा चिरेबंदी', 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' ही त्रिनाट्यधारा १९९४ मध्ये रंगमंचावर आणली.

चाळीचे चित्र पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ' (१९५८) ने कायमचे ठरवून टाकले. माणसे हसतखेळत नांदतात आणि खोलीचा तोकडेपणा विनोदात विरतो. जयंत पवारांच्या 'अधांतर'मध्ये हाच तोकडेपणा भांडणाचे कारण होतो. गिरणी संपानंतर बेकार झालेली मुले आणि आई एकाच खोलीत आहेत. रागावून उठून जावे तर दुसरी खोलीच नाही.

मराठवाड्याचे घर वेगळे. दगड-मातीच्या जाडजूड भिंती, वर लाकडी तुळया, त्यांवर माती दाबून केलेले सपाट माळवद. पावसाळ्यापूर्वी माळवदावर पांढरी माती टाकून ते नीट करावे लागते, नाहीतर गळते. उन्हाळ्यात दुपारी आत गारवा आणि रात्री अंथरुणे वर. ज्या जाडीने ऊन अडवले, तिनेच ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारोंना गाडले. इतका अंतर्विरोध पोटात असलेली वास्तू कादंबरीकाराच्या हाती आयती असूनही तिचा उपयोग फार थोडा झाला. रा. रं. बोराडे यांच्या 'पाचोळा' (१९७१) मध्ये शिंपीकाम करणाऱ्या कुटुंबाची कहाणी घरातली बाईच मराठवाडी बोलीत सांगते. तिला घराचे वर्णन करायची गरज पडत नाही; ते तिच्या कामातून आणि काळजीतून कळत जाते. या प्रदेशातल्या ग्रामीण कादंबरीने ही रीत पुढे न्यायला हवी होती. प्रत्यक्षात बरेच लेखन शिवार, दुष्काळ आणि गावकीकडे वळले.

घराचा सर्वांत तीव्र अनुभव मात्र ते सहजी न मिळणाऱ्यांच्या लेखनात सापडतो. बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेतला तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी जातो. जात सांगितली तर डोक्यावर छप्पर नाही, म्हणून ती लपवतो. त्या खोलीचे भाडे पैशात भागत नाही. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' हे आत्मकथन, कादंबरी नव्हे. पण गाढवाच्या पाठीवरचे बिऱ्हाड आणि गावाबाहेरचा मुक्काम यांमुळे 'घर' या कल्पनेतली स्थिरताच तिथे गृहीत धरता येत नाही. वाड्याच्या कादंबऱ्या वाचून झाल्यावर ही दोन पुस्तके वाचली, तर ओसरी कोणासाठी होती हे वेगळे सांगावे लागत नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात काही काळ शिकवणाऱ्या भालचंद्र नेमाडे यांनी वास्तूकडे आणखी एका बाजूने पाहिले. 'कोसला' (१९६३) मधला पांडुरंग सांगवीकर बहिणीच्या मृत्यूचे दुःख घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांत पोचतो, तेव्हा लेणी प्रेक्षणीय स्थळ उरत नाहीत. 'हिंदू' (२०१०) चा नायक खंडेराव पुरातत्त्वाचा अभ्यासक. मोहेंजोदडोच्या उत्खननाची सवय लागलेली नजर तो मोरगावच्या घरावरही लावतो आणि थरांखालचे थर उकरतो. पसारा वाढतो, काही ठिकाणी दमवतोही. तरी घराला घराण्याच्या इतिहासापलीकडचे वय देणारी अशी दुसरी मराठी कादंबरी दाखवणे अवघड आहे.

खुद्द छत्रपती संभाजीनगर शहराचे काय? दरवाजे, पाणचक्की आणि मकबरा ऐतिहासिक वर्णनांत भरपूर येतात. राहत्या शहराची वाढ मात्र सिडकोच्या एन-क्रमांकांच्या वसाहतींत आणि त्याहून जास्त गुंठेवारीत झाली. शेताचे तुकडे पाडून बाँडपेपरवर झालेले व्यवहार, आधी बांधकाम आणि मागून परवानगी, २००१ च्या कायद्यानंतर नियमित करण्यासाठी सुरू झालेली धावपळ, काही दिवसांआड येणाऱ्या पाण्यासाठी दारात मांडलेले निळे ड्रम. वाळूजच्या कारखान्यात पाळी करणाऱ्या कामगाराने प्लॉट घेतला, पहिली खोली पत्र्याची, दुसरी स्लॅबची, वरच्या मजल्यासाठी सळया तशाच उभ्या ठेवलेल्या. हे घर पडत नाही, ते कधी पूर्णच होत नाही. वाड्याच्या उतरणीवर पोसलेल्या मराठी कादंबरीकडे अशा हप्त्याहप्त्याने चढत जाणाऱ्या घरासाठी अजून घाट तयार नाही.