दोघं, दोघे आणि इब्बरु

लग्नपत्रिकेत 'उभयता' छापणारे आपण घरात मात्र 'दोघं' म्हणतो. शब्द वाटतो तितका साधा नाही. दोन भाऊ ते दोघे, दोन जावा त्या दोघी आणि नवरा-बायको ती दोघं. स्त्री-पुरुष एकत्र आले की मराठी नपुंसकलिंगाकडे वळते, कुणा एकाला वरचढ करीत नाही. जुन्या छपाईत हे 'दोघें' असे अनुस्वाराने दिसे. 1962 च्या शुद्धलेखन-नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले आणि संवाद सोडले तर कागदावर नवरा-बायकोही 'दोघे'च झाली. सुटसुटीतपणासाठी ही किंमत मला जास्त वाटते.

आमच्या अफजलपूरकडची कानडीही माणसे वेगळी मोजते. वस्तू असल्या तर 'एरडु', माणसे असली तर 'इब्बरु'. आपण चौघांवर थांबतो, ती 'ऐवरु'पर्यंत जाते. (हिंदीच्या 'दो'ला माणूस आणि मडके सारखेच!) पण गाणगापूरच्या संगमावर स्नानाला उतरलेले दोन मित्र आहेत की जोडपे, हे 'इब्बरु' सांगत नाही, 'दोघं' सांगते. नवऱ्याचे नाव न घेणाऱ्या आमच्या आजीला 'आम्ही दोघं' एवढे पुरे होई.

परवा नात म्हणाली, "आईबाबा दोन लोक बाजारला गेले." म्हटले, "दोघं गेली म्हण." क्षणभर थांबून तिने विचारले, "म्हणजे इब्बरु होग्यार, तसंच ना?"

तसंच, पण थोडं अधिक, असे मी तिला सांगितले.